बापाच्या नावाचा रकाना
(शरणकुमार लिंबाळे यांच्या लेखनाविषयी)

गाणगापुरी येणारा यात्रेकरू भीमा-अमरजा संगमावर स्नान करतो, निर्गुण पादुकांचे दर्शन घेतो आणि माध्यान्ही झोळी घेऊन माधुकरी मागतो. निदान पाच घरे मागावीत असा संकेत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या उंबऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या ही माधुकरी वाढली गेली. पोट भरलेल्या माणसाने स्वेच्छेने मागितलेल्या त्या घासाला आपण प्रसाद म्हणतो. ज्या लोहमार्गावर गाणगापूर रोड आहे, त्याच मार्गावर सोलापूरच्या बाजूस अक्कलकोट रोड आहे. त्या अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर गावी १९५६ साली जन्मलेल्या एका मुलाने भुकेचे जे वर्णन केले आहे, ते वाचल्यावर प्रसाद हा शब्द उच्चारताना जीभ क्षणभर अडखळते. तो मुलगा म्हणजे शरणकुमार लिंबाळे. २०२० सालचा सरस्वती सन्मान त्यांच्या ‘सनातन’ या कादंबरीस मिळाला. मराठीत हा सन्मान त्यापूर्वी विजय तेंडुलकर आणि महेश एलकुंचवार यांना लाभला होता.

१९५६ हे साल आपल्या भागाने विसरू नये असे आहे. त्या वर्षी राज्यपुनर्रचना झाली आणि निजामी अमलातून मुक्त झालेला आपला जिल्हा कन्नड राज्यात गेला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपुरास धम्मदीक्षा घेतली. लिंबाळे यांच्या जन्मकथेतही अशीच सीमारेषा आहे, फरक इतकाच की ती नकाशावर नसून घरातून गेलेली आहे. आई मसामाय महार, वडील बासलेगावचे लिंगायत पाटील, विवाहाचे नाते नाही. आजी संतामाय हिने महमूद दस्तगीर जमादार या मुसलमान माणसाबरोबर संसार थाटलेला, आणि नातू त्या दोघांच्या छायेत वाढलेला. सोने तोलण्याच्या जुन्या मापात बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा माशांवर जो अडला, तो अक्करमाशी. १९८४ साली आत्मकथन प्रसिद्ध करताना लेखकाने समाजाने दिलेली ही शिवीच मुखपृष्ठावर घातली.

‘अक्करमाशी’ची भाषा ग्रांथिक मराठीत वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकाला प्रथम खटकते. वाक्ये तुटक, कालक्रम विस्कळीत, मध्येच प्रश्नांचा भडिमार. परंतु ज्या ठिकाणी लेखक केवळ सांगतो, त्या ठिकाणी त्याची लेखणी अचूक आहे. शेणातील ज्वारीचे दाणे धुऊन, दळून संतामायने भाकरी केल्याचा प्रसंग पाहावा. तेथे उपमा नाही, आक्रोश नाही. स्वयंपाकाची कृती सांगावी तशा शांतपणे तो येतो, आणि म्हणूनच विसरता येत नाही. उलट, लेखक जेव्हा वकिली करू लागतो तेव्हा प्रश्नामागून प्रश्न येतात, व आधी सोसलेल्या अनुभवाची धार त्यांनी थोडी बोथट होते.

येथे एका फ्रेंच लेखिकेचे स्मरण होते. नॉर्मंडीतील इव्हेतो या लहान गावी किराणा दुकान व कॅफे चालविणाऱ्या आईबापांची मुलगी ॲनी एर्नो हिने १९८३ साली वडिलांच्या आयुष्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. पुढल्या वर्षी त्यास रनोदो पारितोषिक मिळाले, तर २०२२ साली तिला नोबेल पुरस्कार लाभला. आपल्या शैलीला ती स्वतः सपाट लेखन म्हणते. शिकून वरच्या वर्गात गेलेल्या मुलीला बापाच्या राहणीची वाटलेली लाज, आणि त्या लाजेची पुढे वाटलेली लाज, हा तिचा विषय. ‘अक्करमाशी’ तिच्या पुस्तकानंतर एका वर्षाने आले. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नाही. तिने बापापासूनचे अंतर मोजले. लिंबाळ्यांना मोजण्यासाठी बापच मिळाला नाही. तिचा संयम त्यांच्याकडे सर्वत्र नाही हे खरे. परंतु संयम पाळण्यासाठी पायाखाली थोडी जमीन लागते, हेही समीक्षकाने ध्यानी घ्यावे.

दूरध्वनी खात्यातील व आकाशवाणीवरील नोकरीनंतर ते यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात गेले. १९९६ च्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या ग्रंथात त्यांनी आनंदाऐवजी स्वातंत्र्य, समता, न्याय या मूल्यांचा निकष मांडला. ‘हिंदू’, ‘बहुजन’ आणि ‘सनातन’ या कादंबऱ्या त्या निकषाच्या वाटेने जातात. माझे मत असे की, त्यांत सिद्धान्त पुढे चालतो आणि माणसे मागे राहतात. ‘सनातन’मध्ये भीमनाक महाराच्या निमित्ताने इंग्रजी अमदानीतील एका समाजाचे आयुष्य उभे केले आहे. आवाका मोठा आहे. पण संतामायसारखे एखादे पात्र तेथे मनात घर करून राहत नाही. सन्मान ‘सनातन’ला मिळाला, टिकेल मात्र ‘अक्करमाशी’, असे मी म्हणेन. तरीही या दोन पुस्तकांचा धागा एकच आहे. आधी एका मुलाचा कोरा रकाना, नंतर ज्यांची नोंदच झाली नाही अशा पिढ्यांचे रकाने.

रकाना हा शब्द मी जाणून वापरला आहे. सेवेत असताना एका तालुका कचेरीत एक बाई मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी अर्ज घेऊन आली. बापाच्या नावाची जागा मोकळी होती. मी ‘अर्ज अपूर्ण’ असा शेरा मारून तो परत केला. नियमास धरून शेरा योग्य होता. बाई काही न बोलता अर्जाची घडी करून गेली आणि पुन्हा आली नाही. पुढे कित्येक वर्षांनी ‘अक्करमाशी’ वाचताना शाळेच्या पटावर बापाचे नाव कोणते लावावे हा प्रसंग आला, आणि मला माझेच अक्षर दिसले. अपूर्ण म्हणजे अकरा मासे. कचेरीच्या शुद्ध भाषेत मी तीच शिवी लिहिली होती.

आपण सीमेवरचे मराठी लोक. आपली भाषा टिकावी म्हणून ग्रंथालये चालवितो, व्याख्याने ठेवतो, हे बुलेटिन काढतो. या कामी माझा अल्पसा हातभार आहे व त्याचे समाधानही आहे. परंतु ज्या मराठीचा आपण अभिमान धरतो, तिच्यात हन्नूरच्या महारवाड्यातली मराठी आपण कितपत मोजली? संतामाय, तिचा महमूद दादा आणि तो नातू यांचे घर कोणत्याही दफ्तरात बसणारे नव्हते. पण त्या घरात मुलाला भाकरी मिळाली, माया मिळाली, शाळाही मिळाली. पुस्तकाचे नाव ज्याला अपूर्ण म्हणते, ते त्यातील घर पूर्ण ठरविते. माझ्या दृष्टीने या आत्मकथनाचे खरे यश ते हेच.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या कागदपत्रांत बापाच्या आधी आईचे नाव लावण्याचे ठरविले. ही बातमी वाचली तेव्हा त्या बाईचे नाव आठवू लागलो. अर्जावर ते नक्की होते. मी वाचले नव्हते.