पाच गुणांचा माणूस

परीक्षेतले वाङ्मय हा आपल्या समीक्षेने आजवर अस्पृश्य मानलेला विषय आहे. कादंबरीवर आपण ग्रंथ लिहितो, आत्मकथनांवर चर्चासत्रे भरवतो, सौंदर्यशास्त्रावर हमरीतुमरीवर येतो. पण बहुसंख्य मराठी माणसांची वाङ्मयाशी गाठ पडते ती शाळा-कॉलेजच्या परीक्षेत, आणि पुष्कळांच्या बाबतीत ती पहिली तशीच शेवटची गाठ असते. त्या गाठीत माणसाकडे कसे पाहायचे याचे जे वळण लागते, ते पुढे जन्मभर टिकते. तेव्हा ‘अमुक पात्राचे स्वभावचित्र रेखाटा’ हा पाच गुणांचा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. प्रस्थापित समीक्षेची माणसाविषयीची सगळी समजूत त्या एका ओळीत सामावलेली आहे.

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना कुंभारी लागते. विडी कामगार स्त्रियांसाठी येथे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतरण झाले. पुढे याच कुंभारीत रे नगर उभे राहिले आणि 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत त्यातली पंधरा हजार घरे कामगारांना मिळाली. पहिल्या वसाहतीला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. गोदूताईंनी वारल्यांच्या लढ्यावर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिले आणि 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे एका लेखिकेच्या नावाच्या वसाहतीत हजारो पोरे-पोरी परीक्षेसाठी वाङ्मय पाठ करीत असतात. कुणाच्या घरी तेलुगू बोलतात, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, तर कुणाच्या आमच्यासारखी मराठी. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली आणि समोर मुलगी पुस्तक घेऊन, हे तिथले घरोघरचे चित्र आहे.

माझी थोरली बहीण तिथेच राहते. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, त्यामुळे भाच्यांचा अभ्यास पाहणे माझ्याकडे आपोआप आलेले आहे. बारावीच्या परीक्षेआधी भाचीने वहीच्या पानावर उभी रेघ ओढून दोन रकाने केले होते. डावीकडे पात्र, उजवीकडे गुण. 2020 साली आलेल्या ‘युवकभारती’त कथा हा साहित्यप्रकार आहे. त्यातल्या ‘गढी’ कथेतले बापू गुरुजी डावीकडे होते आणि उजवीकडे ध्येयवादी, त्यागी, निःस्वार्थी अशी ओळ. ती मला म्हणाली, “मामा, गुरुजींचे सहा झाले. दुसऱ्या कथेतल्या अनूचे चारच होतात. अजून दोन सांगा की.” मी विचारले, “या गुणांचा एखादा माणूस तू पाहिलास का गं?” ती म्हणाली, “पाहून काय करायचं मामा? सहा लिहिले की मार्क पडतात.”

तिचे काही चुकत नव्हते. ज्या घरात शिकवणीला पैसे नाहीत, त्या घरात गाइड हीच शिकवणी असते. पाठांतराला हसणे ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत त्यांना परवडते. आमच्या पोरांना त्या गुणांवर पुढचा प्रवेश, वसतिगृह, शिष्यवृत्ती अवलंबून असते. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांच्या पाठांतराविरुद्ध नाही. जे पाठ करायला लावले जाते, त्याविरुद्ध आहे.

काय पाठ करायला लावले जाते? कष्टाळू, प्रेमळ, प्रामाणिक, सहनशील, स्वामिनिष्ठ, त्यागी. ही विशेषणे नीट पाहा. यांतली बहुतेक दुसऱ्याच्या उपयोगी पडणाऱ्या माणसाला लावायची आहेत. सहनशील कोण? ज्याच्यावर काही सोसायची पाळी आली तो. ती पाळी कुणी आणली, हे विशेषण सांगत नाही. स्वामिनिष्ठ कोण? ज्याला स्वामी आहे तो. त्याला स्वामी का आहे, हेही विशेषण सांगत नाही. स्वभाव हा माणसाच्या पोटात जन्मतःच असतो आणि परिस्थिती ही त्याच्या मागे टांगलेला पडदा आहे, ही समजूत या प्रश्नाच्या मुळाशी आहे. जन्मावरून गुण ठरवणारी विचारसरणी या देशाला नवी नाही. वर्णव्यवस्थेचे सगळे तत्त्वज्ञान त्याच पायावर उभे होते.

उदाहरण घेऊ. ‘श्यामची आई’ 1935 साली प्रसिद्ध झाले आणि मराठी घराघरांत गेले. त्यात एका महार म्हातारीची मोळी पडते आणि स्पर्शाच्या भयाने तिला कोणी हात देत नाही, असा प्रसंग आहे. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते आणि घरी आल्यावर आंघोळ कर असेही सांगते. या प्रसंगावरून आईचे गुण लिहायचे ठरले तर उत्तर तयारच असते : दयाळू, समतावादी, संस्कार करणारी. त्या म्हातारीचे स्वभावचित्र रेखाटा, असा प्रश्न माझ्या पाहण्यात आलेला नाही. तयार उत्तरांत आंघोळही कुठे दिसत नाही. साने गुरुजींनी ती लपवली नव्हती. याच सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे 1947 मध्ये ज्यांनी उपोषण केले, त्यांना त्या आंघोळीचा अर्थ पुरेपूर ठाऊक होता. कळवळा आणि विटाळ एकाच बाईच्या मनात एकाच वेळी कसे नांदतात, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले. लेखकाने लिहिलेली आंघोळ परीक्षेने पुसली. त्या प्रसंगातला सगळा जिवंत ताण तिच्यात होता. ती गेल्यावर उरला तो सुविचार.

आता आपल्या साहित्याकडे येऊ. कुंभारीवरून पुढे गेले की अक्कलकोट तालुका लागतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तले हन्नूर याच तालुक्यातले. हे आत्मकथन 1984 साली आले आणि पुढे विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत गेले. त्यातली संतामाय ही आजी शेणातले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, दळते आणि त्या पिठाची भाकरी स्वतः खाते. नातवंडांच्या वाट्याला ती येऊ देत नाही. नातू त्या भाकरीची चव घेऊन पाहतो आणि शेणाचा वास त्याला सहन होत नाही. हा प्रसंग मी वर्गात शिकवतो तेव्हा वर्ग गप्प होतो. परीक्षेत तोच वर्ग लिहितो : ‘संतामाय अतिशय त्यागी, कष्टाळू व प्रेमळ आहे.’ खाली प्रसंगाचा उल्लेख, त्याखाली समारोप. पाचपैकी चार गुण.

संतामाय प्रेमळ नव्हती असे कोण म्हणेल? पण ‘त्यागी’ या शब्दाने तिथे काय केले ते पाहा. त्याग करायला हाताशी काही असावे लागते. जिच्यासमोर पर्यायच नव्हता, तिच्या उपासमारीला आपण सद्गुणाचे नाव दिले. ज्या गावात कोठारे भरलेली होती, त्या गावातल्या बाईला जनावराच्या पोटातून पडलेला दाणा का वेचावा लागला, हा प्रश्न त्या शब्दाने मिटवला. दाणा कुणाच्या शेतातला, जनावर कुणाचे, आणि गावाची कामे करणाऱ्यांच्या घरात पीठ का नाही, ही खरी त्या पात्राची ओळख आहे. ती उत्तरात आली तर ‘विषयांतर’ म्हणून गुण कापले जाण्याची धास्ती विद्यार्थ्याला असते, आणि ती अगदीच निराधार नाही.

दलित आत्मकथने अभ्यासक्रमात लागली, याचा आपण विजय मानला. तो विजय होताच. परंतु पुस्तक बदलले आणि प्रश्न जुनाच राहिला, तर पुस्तकही हळूहळू प्रश्नासारखे होऊन जाते. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिणाऱ्या शांताबाई कांबळे याच जिल्ह्यातल्या. त्यांच्या नाजाला ‘जिद्दी’ या एका शब्दात बसवले की ती कोणत्याही यशोगाथेतली मुलगी होते. मग तिला अडवणारे कोण होते, हे सांगायची गरज उरत नाही.

कुणी म्हणेल, पण माणसाला स्वभाव असतोच ना? असतो. तो किती टिकतो याची परीक्षा बाबासाहेबांनी एका छोट्या आठवणीत घेऊन ठेवली आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या 1990 साली पुस्तिकारूपाने निघालेल्या लेखनात 1901 सालचा मसूर स्टेशनवरचा प्रसंग आहे. नऊ-दहा वर्षांचे भीमराव आणि बरोबरची मुले वडिलांकडे निघालेली, चांगले कपडे घातलेली, कुणी न्यायला न आल्याने ताटकळत उभी. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. मुलगा बोलून जातो की आम्ही महार आहोत. त्या क्षणी मास्तरचा चेहरा पालटतो आणि तो निघून जातो. काही वेळाने पुन्हा येतो. गाडीवाले विटाळामुळे तयार नाहीत हे त्याला कळते, तेव्हा दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची, अशी तोड निघते.

आता या स्टेशनमास्तरचे स्वभावविशेष लिहा. दयाळू? निर्दय? व्यवहारी? तिन्ही लिहिले तरी तो माणूस हाती लागत नाही. एका शब्दाने त्याचा चेहरा पालटला आणि तो शब्द जातीचा होता. त्याच्या वागण्याचा उलगडा त्याच्या पोटात नाही, तो समाजरचनेत आहे. इंग्रजी समीक्षक फॉर्स्टर यांनी 1927 साली केलेली ‘सपाट’ आणि ‘गोलाकार’ पात्रांची विभागणी आपण एम.ए.पर्यंत शिकवतो. मसूरचा मास्तर त्यांपैकी कोणता? ज्या समाजात माणसाची वागणूक समोरच्याची जात कळण्याआधी एक आणि कळल्यानंतर दुसरी असते, तिथे ही मापे अपुरी पडतात. दलित साहित्याने पात्राची कल्पनाच बदलली, हे आपल्या समीक्षेने अजून पुरतेपणी मांडलेले नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांकडून समाजशास्त्राची अपेक्षा का करावी? उत्तरात तपासता येतील असे मुद्दे हवेत. मुद्दे मलाही हवेत. मीही उत्तरपत्रिका तपासतो. पण मुद्दे विशेषणांचेच असावेत असे कुठे आहे? ‘स्वभावचित्र रेखाटा’ऐवजी विचारा : या पात्राने काय केले? तसे करणे त्याला का भाग पडले? त्यातून कुणाचा फायदा झाला? त्याने कुठे नकार दिला, किंवा का देता आला नाही? हेही पाच गुणांत बसते आणि तपासायलाही सोपे आहे. विडी कामगाराच्या मुलीला तर ते अधिक सोपे, कारण हे प्रश्न तिच्या घरात रोज हजर असतात. हजार विड्यांमागे किती मिळतात, छाट काढून किती कापले, कोण कापतो, हे तिला कुणी शिकवावे लागत नाही. ‘ध्येयवादी’ हा शब्द मात्र पाठ करावा लागतो.

प्रश्नपत्रिका बदलेपर्यंत पोरांनी काय करावे? गुण सोडू नयेत. भाचीला मी सांगितले, “आधी कृती लिही, मग कारण लिही, विशेषण सगळ्यात शेवटी. तपासणाऱ्याला त्याचा शब्द मिळेल आणि तुला तुझा माणूस.” ही तडजोड आहे हे मला कळते. पण ज्यांना दोन्ही हवे, पदवीही आणि दृष्टीही, त्यांना आज एवढीच वाट मोकळी आहे.

पुढची वाट रुंद करणे आपल्या हाती आहे. आज आपल्यातले कितीतरी जण प्राध्यापक आहेत, प्रश्नपत्रिका काढतात, आदर्श उत्तरे लिहितात, अभ्यासमंडळांवर बसतात. कोणते पुस्तक लावायचे यासाठी आपण भांडलो, तितक्याच निकराने त्या पुस्तकावर कोणता प्रश्न विचारायचा यासाठी भांडले पाहिजे. संतामायला चांगुलपणाचे प्रमाणपत्र नको आहे. तिच्या ताटात ती भाकरी कुठून आली, हे प्रश्नपत्रिकेने विचारले पाहिजे.