अर्थशास्त्राची परिभाषा : वेतन, किंमत, चलनवाढ

परिभाषा घडविणे म्हणजे शब्दाला शब्द जुळविणे नव्हे. संकल्पनेच्या सीमा आखणे हे तिचे खरे कार्य होय. १९६१ साली दिल्लीत वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला, तो भारतीय भाषांना शक्य तितकी समान परिभाषा मिळावी या अपेक्षेने. अर्थशास्त्रात मात्र मराठीने पुष्कळदा स्वतःची वाट धरली. ती कोठे हितकर ठरली व कोठे फसवी, हे तपासणे उद्बोधक आहे.

१९४८ चा कायदा हिंदीत ‘न्यूनतम मजदूरी अधिनियम’ झाला, मराठीत ‘किमान वेतन अधिनियम’. ‘मजुरी’ म्हटले की अंगमेहनत आणि रोजंदारी डोळ्यांपुढे येते. ‘वेतन’ कचेरीतील कारकुनालाही लागू पडते. मराठी पर्यायाने श्रमिकाची प्रतिष्ठा राखली. पण ‘वेज’ आणि ‘सॅलरी’ यांतील भेद त्यात बुजला.

‘प्राइस’च्या बाबतीत मराठीचा विवेक अधिक सूक्ष्म आहे. हिंदी ‘उपभोक्ता मूल्य सूचकांक’ म्हणते, मराठी ‘ग्राहक किंमत निर्देशांक’; त्यामुळे ‘मूल्य’ हा शब्द ‘व्हॅल्यू’साठी मोकळा राहतो. या भेदाचे महत्त्व रशियनच्या अनुभवावरून कळते. मार्क्सच्या ‘कॅपिटल’चा पहिला परभाषी अनुवाद १८७२ साली त्या भाषेत झाला, आणि त्यातील मूल्यसंकल्पनेला ‘स्तोइमस्त’ म्हणावे की ‘त्सेन्नस्त’, हा वाद तेथे दीर्घकाळ चालला.

खरा दोष ‘चलनवाढ’ या शब्दात आहे. ‘इन्फ्लेशन’ म्हणजे फुगवटा. इंग्रजीतही तो प्रथम चलनाच्या फुगवट्यालाच म्हणत. पुढे अर्थ किमतींकडे सरकला. शब्दात चलनाचे नाव नसल्यामुळे त्याला सरकता आले. रशियननेही ‘इन्फ्ल्यात्सिया’ असा तो तसाच स्वीकारला. हिंदी ‘मुद्रास्फीती’ आणि मराठी ‘चलनवाढ’ मात्र परिणामाला एका संभाव्य कारणाचे नाव देऊन बसल्या. १९७३ साली खनिज तेल कडाडले व इतर वस्तूही महागल्या. अशा घटनेला ‘खर्चजन्य चलनवाढ’ म्हणताना वदतोव्याघात पत्करावा लागतो. २०१६ साली रिझर्व्ह बँकेसाठी चार टक्क्यांचे उद्दिष्ट ठरले, तेही ग्राहक किंमत निर्देशांकातील वाढीचे, चलनाच्या पुरवठ्याचे नव्हे.

यावर उपाय मराठीपाशीच आहे. घटनेला ‘सर्वसाधारण भाववाढ’ म्हणावे आणि ‘चलनवाढ’ हा शब्द चलनाच्या पुरवठ्यातील वाढीपुरता राखावा. लोकांच्या तोंडचे शब्द शास्त्राला पेलत नाहीत, ही शंका निराधार आहे. ‘महागाई भत्ता’ हा शब्द बाजारातूनच सरकारी हिशेबात आला, आणि त्याचा अर्थ कोणत्याही कर्मचाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.