मांजर, माळी आणि यमक

इंग्रज माणसाची बाग आणि मांजर यांवर सारखीच माया. ही दोन्ही एकमेकांच्या आड आली की त्याला पद्य सुचतं. कॅटमिंट या पुदिन्याच्या भावकीतल्या झाडावर त्यांच्याकडे असंच एक जुनं पद्य आहे. आशय एवढाच, की रोप आणून लावाल तर शेजारची मांजरं फडशा पाडतील. बी पेराल तर त्यांना गंधवार्ताही लागणार नाही.

यमक चोख. शिवाय लंडनच्या चेल्सी बागेचा अठराव्या शतकातला प्रमुख माळी फिलिप मिलर यानं हे ताडूनही पाहिलं. (समीक्षकांनी एवढे कष्ट घेतल्याचं ऐकिवात नाही.) दुसऱ्या कोपऱ्यातून आणून लावलेल्या रोपाच्या मांजरांनी चिंध्या केल्या, दोन फुटांवर बियांपासून उगवलेली रोपं शाबूत!

तरी माझी तक्रार आहेच. कवीनं श्रेय बियाण्याला दिलं, ते चूक. लावताना माळ्याच्या हातून पानं चुरडतात, त्यातून नेपेटालॅक्टोन सुटतं आणि त्या वासानं मांजर गडाबडा लोळू लागतं. म्हणजे पेरलेल्या रोपालाही कुणाची विजार जोरात घासली, की कवितेचा निकाल लागला! शिवाय हा वास सगळ्याच मांजरांना चढत नाही. तिनांतलं एखादं ढुंकूनही बघत नाही. लहान पिल्लांना तर त्याचं काहीच नसतं. पद्यातली मांजरं मात्र सगळी एकाच माळेची.

पाठांतराला ठीक आहे. बागेत मात्र रोपावर तारेची जाळी पालथी घालावी.