मानव्यविद्यांच्या संशोधकांसाठी कौशल्य-कार्यशाळा : एक समीक्षा

१. प्रास्ताविक

पीएच.डी.ला प्रवेश घेतल्यावर पहिल्या वर्षभरात तुम्ही 'संशोधन पद्धती' या विषयावरील एखादी तरी कार्यशाळा केलेली असेल. प्रमाणपत्रही मिळाले असेल. या टिपणात आपण एक साधा प्रश्न विचारणार आहोत : इतिहास, भाषा, साहित्य, संस्कृती या विषयांत काम करणाऱ्या संशोधकाला या कार्यशाळेतून नेमके काय करता येऊ लागते? 'काय कळले' हा प्रश्न वेगळा आहे. कौशल्याची परीक्षा कृतीतच होते.

चर्चा हवेत राहू नये म्हणून आपण एक ठिकाण समोर ठेवू. रायपूरमधील तात्यापारा ही मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. 'पारा' म्हणजे छत्तीसगढीत मोहल्ला. या शहरातील मराठी वस्तीमागे भोसल्यांच्या राजवटीचा इतिहास आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडात आली. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून कारभार पाहिला. पुढे सुभेदारी आली, १८१८ पासून काही वर्षे इंग्रज अधिकाऱ्यांची देखरेख आली आणि त्याच वर्षी कारभाराचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले. १८३० नंतर पुन्हा भोसल्यांचा अंमल आला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले.

समजा, तुम्ही या वस्तीतल्या मराठी कुटुंबांच्या इतिहासावर प्रबंध लिहीत आहात. एका घरातून तुम्हाला कापडात बांधलेले एक दप्तर मिळाले आहे. घरातल्या वृद्ध आजी बोलायला तयार आहेत. आता तुमची कार्यशाळा तुमच्या किती उपयोगी पडते ते पाहू.

२. प्रचलित कार्यशाळेचे स्वरूप

अशा कार्यशाळा साधारणपणे सात किंवा दहा दिवसांच्या असतात. विषयांचा क्रमही ओळखीचा असतो : संशोधनाचा अर्थ व प्रकार, समस्या निश्चिती, गृहीतक, नमुना निवड, प्रश्नावली, एसपीएसएस, संदर्भ देण्याच्या पद्धती, वाङ्मयचौर्य, शोधनिबंध लेखन आणि समारोप. हा आराखडा सामाजिक शास्त्रांच्या सर्वेक्षणातून आलेला आहे. तेथे तो योग्यच आहे. अडचण अशी की तोच आराखडा मानव्यविद्यांसाठी जसाच्या तसा वापरला जातो.

तुमच्या हातातल्या दप्तराला नमुना निवडीचा नियम लागू होत नाही. दोनशे वर्षांत जे वाळवीने, पावसाने आणि वाटणीने शिल्लक ठेवले, तेवढेच तुमच्यासमोर आहे. येथे 'किती कागद घ्यावेत' हा प्रश्नच नसतो. 'हे का उरले आणि बाकीचे का गेले' हा प्रश्न असतो. जमिनीची कागदपत्रे घराणी जपून ठेवतात, स्त्रियांची पत्रे सहसा जपली जात नाहीत. या असमतोलाचा विचार करणे हेच येथील पद्धतीचे काम आहे आणि प्रचलित वेळापत्रकात त्याला एक तासही नसतो.

३. नियमांनी काय दिले?

टीका करताना न्यायही केला पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात 'संशोधन व प्रकाशन नीती' हा २ श्रेयांकांचा, ३० तासांचा विषय आणला. २०२२ च्या नियमावलीत किमान १२ श्रेयांकांचे अध्ययनकार्य आहे आणि त्यात हा विषय समाविष्ट आहे. बनावट नियतकालिके कशी ओळखावीत हे नव्या विद्यार्थ्याला कोणीतरी सांगणे आवश्यकच होते.

मात्र या विषयाचा रोख मुख्यतः प्रकाशनावर आहे. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. विद्यार्थी हा आकडा पाठ करतो आणि सॉफ्टवेअरचा अहवाल 'स्वच्छ' आला की निश्चिंत होतो. पण शब्द जुळवून पाहणारे यंत्र हिंदी पुस्तकातला परिच्छेद मराठीत उतरवून घेतलेला असेल तर सहसा गप्प बसते. रायपूरच्या द्वैभाषिक संशोधकाला हाच मोह सर्वांत जवळचा असतो.

दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे. दप्तरातल्या एखाद्या वाटणीपत्राचे छायाचित्र तुम्ही प्रबंधात छापले आणि त्या जमिनीचे वारस आजही भांडत असतील, तर? कागद दाखवणाऱ्या आजींची परवानगी पुरेशी आहे का? प्रकाशनाची नीती म्हणजे संशोधनाची सगळी नीती नव्हे.

४. जे कौशल्य खरोखर लागते

*(अ) लिपी.* तुमच्या दप्तरातले मराठी कागद मोडीत असण्याची शक्यता मोठी आहे. मोडीत आधी ओळीभर शिरोरेषा ओढतात आणि अक्षरे तिला लटकवत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. 'रा' म्हणजे राजश्री आणि तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र, हे माहीत नसेल तर पहिल्याच ओळीत अडायला होते. मोडीची वर्णमाला आठवड्यात शिकता येते. वाचन मात्र हात बदलला की पुन्हा शिकावे लागते. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याने जुना कागद आपोआप वाचता येत नाही.

*(आ) कालगणना.* 'इहिदे सितैन मया व अलफ' असे लिहिलेले दिसले तर तो सुहूर सन आहे : एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन येतो. वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि पुढच्या महिन्यांसाठी ६०० घ्यायचे. यानुसार ११६१ म्हणजे १७६०-६१. जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई याच सनात येते. फसली सन आणखी फसवा आहे. दख्खनच्या फसलीत ५९०-५९१ मिळवायचे, तर उत्तरेच्या फसलीत ५९२-५९३. उत्तर आणि दख्खन यांच्या सीमेवरच्या प्रदेशात काम करताना कोणता फसली आहे हे ठरवल्याशिवाय तारीख लिहिली, तर दोन वर्षांची चूक होते. ही चूक कोणतेही सॉफ्टवेअर दाखवत नाही.

*(इ) मुलाखत.* आजींच्या मराठीत हिंदी आणि छत्तीसगढी शब्द सहज येतील. टंकलेखन करताना तुम्ही ते 'शुद्ध' करून पुणेरी मराठीत बसवलेत, तर तुम्ही पुरावाच पुसलात. कुटुंब तीन भाषांत कसे जगले याची खूण त्या वाक्यरचनेतच होती.

*(ई) दोन साधनांची भेट.* याच प्रदेशावर इंग्रज अधीक्षक अॅग्न्यू याचा १८२० चा अहवाल आहे. मोडी कागद आणि इंग्रजी अहवाल एकाच गावाबद्दल वेगवेगळे बोलले तर कोणाचे खरे मानावे? इंग्रजी छापील आहे म्हणून खरे आणि मोडी घरचे आहे म्हणून खरे, ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. कोणी, कोणासाठी, कशासाठी लिहिले हे विचारण्याची सवय लावणे हे कार्यशाळेचे काम.

५. आपल्याकडची परंपरा

हे सारे नवे नाही. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' १८९८ पासून प्रसिद्ध केली आणि खंडांच्या प्रस्तावनांत साधनांच्या परीक्षणाची चर्चा केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले; तेथे कागद समोर ठेवून वाचण्याची रीत रुजली. जदुनाथ सरकार बंगालचे, पण मराठी साधनांसाठी मराठी शिकले.

छत्तीसगडातले उदाहरण माधवराव सप्रे यांचे. १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' काढणाऱ्या या मराठीभाषक संपादकाने टिळकांचे 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' हिंदीत आणला. दोन भाषांमध्ये जबाबदारीने ये-जा करणे हे मानव्यविद्यांचे मूलभूत कौशल्य आहे. आपल्या कार्यशाळांत ते 'अनुवाद' नावाच्या एका व्याख्यानात आटोपते.

परंपरेचा गौरव करतानाही सावध राहावे. जुनी शिकवण गुरूच्या ओळखीवर अवलंबून होती. ज्याला पुण्यात राहणे परवडत नव्हते, ज्याच्या घरात दप्तर नव्हते, तो बाहेरच राहिला. कार्यशाळेचे खरे समर्थन येथे आहे : ती दार सर्वांसाठी उघडू शकते. म्हणूनच ती पोकळ असणे अधिक खटकते.

६. पर्यायी आराखडा

सात दिवस, रोज सहा तास, म्हणजे ४२ तास धरा. व्याख्यानांना १२ तास पुरेत. उरलेले ३० तास एकाच दप्तरावर घालवावेत : पहिले दोन दिवस लिपी, तिसरा कालगणना, चौथा लिप्यंतर आणि टीपा, पाचवा मुलाखत व तिचे टंकलेखन, सहावा साधनांची तुलना, सातवा दोन पानांचे लेखन आणि त्यावर सहाध्यायांची टीका. परवानगीचा प्रश्न पहिल्याच दिवशी, दप्तर उघडण्यापूर्वी चर्चेला घ्यावा. प्रमाणपत्र उपस्थितीवर न देता लिप्यंतर केलेल्या एका पानावर द्यावे. सहा महिन्यांनी पुन्हा दोन दिवस एकत्र बसावे, कारण सरावाशिवाय मोडी विसरते.

यावर आक्षेप येईल की प्रत्येक विद्यार्थ्याचा विषय मोडीचा नसतो. बरोबर आहे. कवितेवर काम करणाऱ्यासाठी दप्तराच्या जागी एका कवीच्या हस्तलिखितांचे व आवृत्त्यांचे पाठभेद ठेवा. तत्त्व एकच : एक साधन, सर्वांनी मिळून, शेवटपर्यंत.

७. समारोप

२०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. लिपी न शिकता पहिले वर्ष गेले, तर विद्यार्थी विषयच बदलतो आणि छापील पुस्तकांवरून प्रबंध लिहितो. प्रबंध पूर्ण होतो, पदवी मिळते. दप्तर मात्र बांधलेलेच राहते. पुढच्या घरबदलात ते रद्दीत जाऊ शकते आणि आजींची आठवणही कायमची थांबू शकते. कार्यशाळेचे मूल्यमापन करताना सहभागींची संख्या मोजू नका. ती संपल्यावर किती जणांना एक कागद स्वतः वाचता आला, हे विचारा.

स्वाध्याय

१. तुम्ही केलेल्या एका कार्यशाळेचे वेळापत्रक घ्या. ऐकण्याचे तास आणि करण्याचे तास वेगळे मोजा.
२. सुहूर सन ११७५ मधील ऑगस्ट महिना कोणत्या इसवी सनात येतो?
३. घरगुती कागदपत्रे प्रबंधात वापरण्यापूर्वी कोणाकोणाची संमती घ्यावी, याची कारणांसह यादी करा.