चुंबक, चित्रनलिका आणि शिल्प

व्हिडिओ-कला म्हणजे चित्रपटाचाच धाकटा भाऊ, अशी आपली समजूत असते. पडद्यावर दिसेल तेवढे पाहायचे आणि गोष्ट कळली नाही की उठायचे. कोरियात जन्मलेल्या नाम जून पैक (१९३२–२००६) यांची कामे अशा नजरेने पाहिली तर हाती काही लागत नाही.

त्यांचे १९६५ चे ‘मॅग्नेट टीव्ही’ घ्या. एक कृष्णधवल दूरचित्रवाणी संच आणि त्याच्या डोक्यावर ठेवलेला नालाकृती चुंबक. बस्स! चित्रनलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर आडव्या रेघा ओढत वरून खाली येतो. चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या प्रभारावर गतीच्या दिशेला लंब असे बल कार्य करते, हे आपण बारावीला शिकवतोच. त्या बलाने रेघा वाकतात आणि पडद्यावर पाकळ्यांसारखी आकृती उमटते. चुंबक सरकवला की आकृती बदलते. म्हणजे येथे चित्र कोणी काढलेलेच नाही. लोखंड, काच, निर्वात पोकळी आणि त्यांच्यातले अंतर यांतून ते घडते. याला शिल्प म्हणायचे ते यासाठी. (वर्गात दाखवायला ऑसिलोस्कोपचा ठिपका पुरेसा आहे. जुन्या रंगीत संचाला मात्र चुंबक लावू नये. आतली जाळी चुंबकित होते व रंगांचे डाग राहतात.)

‘टीव्ही चेलो’ची (१९७१) गोष्ट वेगळी. एकावर एक रचलेल्या तीन संचांचे हे वाद्य. शार्लट मूरमन त्यावर गज फिरवत आणि त्यांचीच त्या क्षणाची प्रतिमा त्याच संचांवर दिसे. वादक, वाद्य आणि चित्र असे वेगळे काढता येत नाहीत. संग्रहालयात नुसता उभा असलेला चेलो म्हणूनच मला अर्धा वाटतो. ‘टीव्ही बुद्ध’ (१९७४) अधिक गाजले. कॅमेऱ्यासमोर बसलेली मूर्ती स्वतःलाच पडद्यावर पाहत असते. कल्पना चतुर आहे, पण एकदा कळली की फारसे उरत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. चित्रनलिकांचे उत्पादन आता जवळजवळ थांबले आहे. नलिका निकामी झाली तर सपाट पडदा बसवावा काय? ‘टीव्ही बुद्ध’ त्यातून एक वेळ निभावेल. ‘मॅग्नेट टीव्ही’ नाही. द्रवस्फटिकाच्या पडद्यात वाकवायला इलेक्ट्रॉनांचा झोतच नसतो. आकृती आधी मुद्रित करून दाखवावी लागेल, आणि वरचा चुंबक नुसता शोभेचा राहील. कोणाच्या शाळेच्या अडगळीत चालू स्थितीतला कृष्णधवल संच असेल, तर त्याची मागची बाजू न उघडता त्यावर एकदा चुंबक ठेवून पाहावा.