वाईट सिनेमाचा चांगला आनंद : सान्तो आणि व्हॅम्पायर बायका

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" जन्मभर कांट शिकवलेला माणूस मुखवटेवाल्या मेक्सिकन पैलवानांच्या भुताखेतांच्या सिनेमांवर बोलणार म्हटल्यावर काळजी वाटायचीच. तर तब्येत ठीक आहे, आणि विषयही गंभीर आहे. चांगली कलाकृती का आवडते हे सांगायला आपल्याकडे तयार उत्तरं असतात. वाईट कलाकृती आवडली, की मात्र आपण खोटं बोलायला लागतो. ते खोटं काय असतं, हे मला आज बघायचं आहे.

आधी सिनेमा सांगतो. 1962 सालचा, 'सान्तो कोंत्रा लास मुखेरेस व्हाम्पिरो', म्हणजे सान्तो विरुद्ध व्हॅम्पायर बायका. दिग्दर्शक अल्फोन्सो कोरोना ब्लेक. एका पडक्या वाड्यात शतकानुशतकं झोपलेल्या व्हॅम्पायर बायका जाग्या होतात. त्यांना त्यांच्या राणीच्या जागी एक तरुण मुलगी हवी आहे. मुलीचे वडील प्राध्यापक. (या सिनेमांत प्राध्यापकांना फार मान असतो, हेही मला आवडण्याचं एक कारण असेल!) ते मदतीला कुणाला बोलावतात? पोलीस असतात, पण नावापुरते. ते बोलावतात सान्तोला. रुपेरी मुखवटा, खांद्यावर झूल, उघडी छाती. हा माणूस मोटार चालवताना, चर्चा करताना, कधीच मुखवटा काढत नाही. त्याचं कुणालाही आश्चर्य वाटत नाही.

वटवाघळं तारेवर लोंबकळत येतात. तार दिसते. मी पहिल्यांदा घरी कॉम्प्युटरवर हा सिनेमा लावला तेव्हा मोठमोठ्यानं हसत होतो. माझी पत्नी तेव्हा होती. ती शेजारी भाजी निवडत होती. थोडा वेळ बघून म्हणाली, "अहो, हसताय काय? तो माणूस केवढ्यानं आपटला!" रिंगमध्ये कुस्ती चालू होती आणि सान्तो दोरांवरून बाहेर फेकला गेला होता. मी म्हटलं, "खोटं आहे ते." ती म्हणाली, "आपटणं कसं खोटं असेल?"

या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आजचं सगळं व्याख्यान त्या प्रश्नावर आहे असं समजा.

आपण का हसतो? हॉब्ज म्हणतो, दुसऱ्याच्या उणिवेपुढे आपलं मोठेपण एकदम जाणवतं, म्हणून. अमेरिकेत हे सिनेमे डबिंग करून नेले गेले तेव्हा सान्तोचा 'सॅमसन' झाला, आणि 1995 मध्ये तिथल्या एका विनोदी टीव्ही मालिकेनं याच चित्रपटावर अख्खा भागभर टिंगल केली. टिंगल चांगली आहे, मीही हसलो. पण त्यात बघणारा सतत वरच्या पायरीवर बसलेला असतो. 1964 मध्ये सुझन सॉन्टॅगनं 'कॅम्प'वर लिहिलं, ते याहून बारकाईचं आहे. गंभीरपणे करायला गेलेली आणि फसलेली गोष्ट प्रेमानं बघता येते, असं ती दाखवते. बरोबर आहे. पण 'फसलेली' हा शब्द मला खटकतो. नेमकं काय फसलं?

इथे आपलं रसशास्त्र मला जास्त उपयोगी पडतं. अभिनवगुप्त सांगतो, की कुठलाही रस अनौचित्यानं बिघडला की त्याचा आभास होतो आणि त्यातून हास्य निघतं. तारेवरचं वटवाघूळ म्हणजे भयानकाचा आभास. हसू येतं, यायलाच हवं. पण बघा, सान्तो कुस्ती खेळायला लागला की ते हसू थांबतं. का? भयानक कोसळला, तरी वीर जागेवर उभा आहे म्हणून. वटवाघूळ कापडाचं आहे, पण नव्वदेक किलोचा माणूस फळ्यांवर पडतो, तो खरोखर पडतो. निकाल आधी ठरलेला असेल, पण पडणं ठरवून हलकं होत नाही. माझी पत्नी हेच म्हणत होती.

या सिनेमांत मध्येच कुस्तीचा अख्खा सामना येतो आणि कथा थांबते. समीक्षक त्याला भरताड म्हणतात, मीही म्हणायचो. पण ही कुस्ती, लुचा लिब्रे, मेक्सिकोत 1933 पासून धंदेवाईक स्वरूपात उभी राहिली. 1950च्या दशकात राजधानीत ती टीव्हीवर दाखवणं बंद झालं. दूरच्या गावातल्या माणसाला सान्तो दिसायचा तो तंबूत किंवा थेटरात, पडद्यावर. त्या माणसासाठी तो सामना हाच सिनेमा होता आणि व्हॅम्पायर हे भरताड! आपण उलट्या बाजूनं बघतो आणि दोष त्यांना देतो.

आता मुखवटा. लुचा लिब्रेत सगळ्यात मोठी पैज मुखवट्याची असते. हरला की मुखवटा उतरतो आणि नाव जाहीर होतं. नोव्हेंबर 1952 मध्ये सान्तोनं ब्लॅक शॅडोचा मुखवटा असाच जिंकला. हे माहीत असलं की त्या सिनेमातला एक प्रसंग वेगळाच दिसतो. सान्तोपुढे रिंगमध्ये एक मुखवटेवाला पैलवान आहे. त्याचा मुखवटा ओढला जातो आणि आत माणूस नाहीच, लांडग्याचं तोंड! शेवटी व्हॅम्पायर बायका सान्तोला बांधतात आणि त्याला मारायच्या आधी काय करायला जातात? मुखवटा काढायला. तेवढ्यात ऊन आत येतं. मेकअप स्वस्त आहे, मान्य. पण दुष्टाच्या मुखवट्याखाली पशू असतो आणि सज्जनाचा मुखवटा काढायचा नसतो, ही कल्पना स्वस्त नाही.

दोष सांगितले नाहीत तर ही समीक्षा होणार नाही. संवाद रटाळ आहेत. सान्तो पडद्यावर यायला फार वेळ लागतो. बायका एक तर राक्षसिणी, नाही तर वाचवायच्या मुली. याला अपवाद रेने कार्दोनाचे 'लुचादोरा'पट. 1964 च्या त्याच्या सिनेमात पैलवान बायका आझ्टेक ममीशी लढतात, आणि त्यांतली एक आहे लोरेना व्हेलास्केस, जी आपल्या सिनेमात व्हॅम्पायर होती. त्या काळात राजधानीत बायकांच्या कुस्तीलाच बंदी होती. म्हणजे आखाड्यात जे चालत नव्हतं ते पडद्यावर चालत होतं. ममी हास्यास्पद आहे, पण ही गोष्ट हास्यास्पद नाही.

सान्तोचं खरं नाव रोदोल्फो गुस्मान उएर्ता. पन्नासहून जास्त सिनेमे केले. 1984 च्या सुरुवातीला एका टीव्ही कार्यक्रमात त्यानं अचानक मुखवटा थोडा वर उचलला. काही दिवसांनी, 5 फेब्रुवारीला, तो गेला. त्याला मुखवट्यासह पुरलं.

मी आजही वटवाघळांना हसतो. तुम्हीही हसा, त्यात पाप नाही. फक्त सामना सुरू झाला की गप्प बसून बघा. आपल्या हसण्यातला किती भाग आनंदाचा आणि किती तोऱ्याचा, ते तिथे कळतं. मला कळायला उशीर झाला. आणि ज्या व्यक्तीनं ते एका वाक्यात सांगितलं होतं, तिला "तुझं बरोबर होतं" असं सांगायचं राहून गेलं.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.