'बूह' आणि 'भग': एका झेक शब्दाचे नाते

संस्कृत ही साऱ्या भाषांची जननी, असे मानणाऱ्यांना झेक भाषेतील 'बूह' हा देववाचक शब्द आयता पुरावा वाटतो. 'भगवान'शी त्याचे नाते खरेच आहे. पण ते आई-लेकराचे नव्हे. आणि ते तसे ठरवण्याच्या घाईत शब्दाचा खरा इतिहास नजरेआड होतो.

'बूह'चे जुने रूप 'बोह'. षष्ठीच्या 'बोहा' या रूपात तो 'ओ' आजही टिकून आहे. याच कुळात 'बोहाती' म्हणजे श्रीमंत, 'उबोही' म्हणजे दीनवाणा आणि 'झ्बोझी' म्हणजे विक्रीचा माल. जुन्या झेकमध्ये त्याचा अर्थ मालमत्ता असा होता. देव आणि धन यांची नावे एकाच मुळाची असल्याने मूळ अर्थ 'वाटा' किंवा 'वाटा देणारा' असावा, हे उघड आहे. ऋग्वेदातील भग हा आदित्यही ऐश्वर्य वाटणारा. 'भज्' म्हणजे वाटणे. आपले भाग, भाग्य, अभागी हे शब्द त्याच धातूचे. उपसर्गाने अभाव दाखवणारा 'उबोही' तर 'अभागी'चा जुळा भाऊच वाटतो.

हे साम्य आले कोठून? एका मतानुसार भारत-युरोपीय मूळ भाषेचा हा समान वारसा आहे. दुसऱ्या मतानुसार स्लाव लोकांनी तो काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील इराणी भाषिक शेजाऱ्यांकडून घेतला. ध्वनिनियमांनी निवाडा होत नाही. 'भ'चा 'ब' आणि 'अ'चा 'ओ' दोन्ही वाटांनी होऊ शकतो. अर्थ मात्र दुसऱ्या मताकडे झुकतो. अखमेनी शिलालेखांत अहुरमज्द हा थोर 'बग' आहे, म्हणजे साधा 'देव' हा अर्थ तेथे रुळलेला दिसतो. शेजारच्या लिथुआनियनमध्ये देवाला 'दिएवास' म्हणतात, तो आपल्या 'देव'चा सगोत्र. स्लाव भाषांनी मात्र देवासाठी तो शब्द ठेवला नाही. अवेस्तात तर 'दएव' दुष्ट शक्ती ठरला.

यांतले कोणतेही मत धरले, तरी वाट संस्कृतातून जात नाही. 863 मध्ये सिरिल आणि मेथोडियस मोराव्हियात आले, तेव्हा ख्रिस्ती परमेश्वरासाठी त्यांनी हाच जुना स्लाव शब्द वापरला. वाटा देणाऱ्या देवाचे नाव असे नव्या धर्मग्रंथात गेले. 'बूह'ला संस्कृताचे अपत्य ठरवले, की शेजार, उसनवारी आणि धर्मांतर यांचा हा सारा प्रवास पुसला जातो. भाषांचे नाते मान्य करायला त्यांतल्या एकीला आई ठरवण्याची गरज नाही.